दावणीचा खुंटा रिकामा झाल्यावर: बैल, गाय, म्हैस गेली तर घरानं काय करावं

पहाटे पाचला हात सवयीनं दोन पेंड्या उचलतो आणि गव्हाणीपाशी गेल्यावर एक परत ठेवावी लागते. जनावर गेल्याचं दुःख असं वेळेवर येतं. वैरणीच्या वेळेला येतं, पाणी दाखवायच्या वेळेला येतं, धारेच्या वेळेला येतं. मधल्या वेळात माणूस चारचौघांसारखा बोलतो, ऊसतोडीच्या गाडीवाल्याशी भांडतो, सोसायटीत दुधाचं बिल विचारतो. बघणाऱ्याला वाटतं, झालं, विसरला.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीच्या ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात, खानापूरच्या भातखाचरांत किंवा अथणी-रायबागच्या काळ्या रानात चांगला बैल घरात दहा-पंधरा वर्षं राहतो. तेवढ्या काळात घरात लग्नं होतात, वाटण्या होतात, एखादं कर्ज फिटतं. तो जातो तेव्हा मात्र दहा मिनिटांत 'जेसीबी बोलवा' सुरू होतं. पुढं वर्षभर जे खुपत राहतं ते बहुतेक त्या पहिल्या दिवशीचं असतं. गळ्याला दोर लावून ओढलेलं असतं, उथळ खड्डा कुत्र्यांनी उकरलेला असतो, नाहीतर कानातला बिल्ला हरवून विमा बुडालेला असतो. म्हणून आधी कामं नीट कशी करायची ते बघू. शोकाचा निम्मा भाग त्या कामांतच असतो.

जनावर बसलेलं असेल तर

उठत नसलेलं जनावर एकाच कुशीवर पडून राहिलं की खालच्या पायाचं रक्त अडतं आणि स्नायू मरतात. मूळ आजार बरा झाला तरी मग ते उठत नाही. दर चार तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. खाली भाताचं पिंजर किंवा उसाचं पाचट वीतभर जाड हवं. त्याला छातीवर बसवा आणि दोन्ही अंगांना पोत्यांचा टेकू द्या. आडवं पडून राहिलं तर पोट फुगून श्वास कोंडतो. तोंडात पाणी-औषध ओतू नका. गिळायची ताकद नसलेल्याच्या ते फुप्फुसात उतरतं.

1962 हा फिरत्या पशुदवाखान्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. डॉक्टर आले की दोनच गोष्टी स्पष्ट विचारा. हे उठण्याची शक्यता किती, आणि याला दुखतं किती? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'फार' असेल, तर वेदना थांबवण्याचा निर्णय त्यांच्याकडून ऐकून घ्यायची तयारी ठेवा. त्या वेळी घरातलं एकच माणूस बोललं तर बरं. चौघं चार बाजूंनी बोलले की पुढं 'तूच नको म्हणालास' असं एकमेकांना ऐकवलं जातं.

पहिला तास

आधी जीव गेल्याची खात्री करा. कुशीकडे पाच मिनिटं बघा, श्वासाची हालचाल दिसते का. डाव्या कोपराच्या मागं हात सपाट ठेवून ठोका लागतो का बघा. बोटाच्या टोकानं बुबुळाला हलकेच स्पर्श करा, पापणी मिटत नसेल तर गेलं. मात्र खालच्या परिच्छेदातली लक्षणं दिसत असतील तर यातलं काही करू नका, लांबूनच बघा.

नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलंय, काल धडधाकट होतं आणि पोट झपाट्यानं फुगलंय, पाय ताठलेले नाहीत: ही फाशी रोगाची लक्षणं आहेत. हाच रोग माणसाला काळपुळी म्हणून होतो. असं जनावर फाडायचं नाही, सोलायचं नाही, ओढत न्यायचं नाही. रक्ताचा हवेशी संबंध आला की त्या जंतूंची बीजं तयार होतात आणि ती मातीत कित्येक दशकं टिकतात. अशा वेळी शवविच्छेदनाचा आग्रह विम्यासाठीही धरू नका. डॉक्टर कानाजवळून रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन तपासतात.

कुत्रं चावल्याचा इतिहास असेल, जनावर गेल्या काही दिवसांत लाळ गाळत होतं, विचित्र हंबरत होतं, तर लाळेला हात लागलेल्या प्रत्येकानं त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. 'घशात काहीतरी अडकलंय' म्हणून तोंडात हात घातलेला असतो, आणि तीच गोष्ट सांगायची राहून जाते. तुटलेल्या तारेजवळ पडलं असेल तर 1912 वर फोन करून लाईन बंद होईपर्यंत कोणीही जवळ जायचं नाही. मालकाची धाव तिथंच घात करते.

यातलं काही नसेल तर आता जवळ बसायला हरकत नाही. दोन ते सहा तासांत अंग ताठायला लागतं, उन्हाळ्यात त्याआधीच. त्यापूर्वी चार गोष्टी उरकून घ्या.

डोळे ओल्या फडक्यानं पुसा आणि पापण्या मिटवून थोडा वेळ धरा. चारही पाय दुमडून पोटाशी घ्या आणि सुतळीनं सैल बांधा. पाय लांब ताठले तर खड्डा दोन फूट मोठा करावा लागतो, नाहीतर ऐनवेळी कोणीतरी पाय मोडायची भाषा करतं, आणि ते ऐकणं नको. वेसण ओढून काढू नका, कानामागची गाठ कापा आणि दोरी एका बाजूनं सरकवून घ्या. म्होरकी, कंडा, घुंगुरमाळ, शिंगांच्या शेंब्या काढा. शेंब्या अडकल्या असतील तर गरम पाण्याचं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, मग फिरवून निघतात. शेपटीच्या गोंड्याची एक बट कापून ठेवायची असेल तर आत्ताच. संसर्गाचा संशय असेल तर ती ठेवू नका.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्याला मात्र हात लावायचा नाही.

बिल्ला, पंचनामा, कागद

दुःखात कागदाचं बोलणं जड जातं. तरीही हे काम भावकीतल्या कमी रडणाऱ्या माणसाकडे लगेच सोपवा.

विमा असेल तर कंपनीला 24 तासांच्या आत कळवा. फोन केलात तरी पाठोपाठ मेसेज टाका, वेळ नोंदली जाते. फोटो तीन काढा: 12 आकडी नंबर वाचता येईल असा बिल्ल्याचा, बिल्ल्यासकट तोंडाचा, आणि पूर्ण अंगाचा. बिल्ला आधीच पडलेला असेल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा, नंतर कळलं तर संशय येतो. शवविच्छेदन उजेडात होतं. रात्री जनावर गेलं तर सावलीच्या जागी ओली पोती टाकून झाका आणि कुत्र्यांसाठी राखण ठेवा. जनावर कर्जावर घेतलेलं असेल तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, तेव्हा बँकेलाही त्याच दिवशी कळवा.

एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. शवविच्छेदन खड्ड्याच्या काठावरच करून घ्या. गोठ्यात केलं तर रक्त तिथल्या जमिनीत मुरतं, उरलेली जनावरं दिवसभर त्या वासानं बुजतात, आणि उघडलेलं अंग पुन्हा उचलून न्यावं लागतं. काठावर केलं तर तिथूनच खाली ठेवता येतं. घरच्यांनी त्या वेळी लांब थांबावं. त्या दृश्याचा कोणाला उपयोग नाही.

आपल्या भागात दाखले कन्नडमधून मिळतात. शवविच्छेदनाच्या अहवालाला 'मरणोत्तर परीक्षे' म्हणतात, भरपाईला 'परिहार'. आजाराच्या रकान्यात 'चर्मगंटु' म्हणजे लम्पी, 'कालुबायी' म्हणजे लाळ्या-खुरकूत, 'गळले बेने' म्हणजे घटसर्प, 'चप्पे बेने' म्हणजे फऱ्या. काउंटर सोडायच्या आधी तीन गोष्टी जुळतात का बघा: बिल्ल्याचा नंबर, तारीख आणि मालकाचं नाव. उताऱ्यावर कन्नडमध्ये एक, आधारवर दुसरंच आणि विम्यावर तिसरं नाव, असा घोळ सीमाभागात घरोघरी आहे, आणि अर्ज त्यातच अडकतो. जनावर भावाच्या नावावर आणि उतारा वडिलांच्या नावावर असेल तर तेही आधीच सांगा.

अचानक दगावलेल्या जनावरासाठी कर्नाटक सरकारची 'अनुग्रह' योजना आहे. तिच्यातली रक्कम अर्थसंकल्पागणिक बदलत आली आहे, चालू आकडा पशुदवाखान्यात विचारा. पुरात गेलेल्या जनावरांचं वेगळं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, मलप्रभा, घटप्रभा एकदम चढल्या तेव्हा कितीतरी गोठे दावणीसकट गेले. नैसर्गिक आपत्तीसाठी केंद्रानं 2022 ते 2026 साठी ठरवलेले दर असे होते: दुभती गाय किंवा म्हैस 37,500 रुपये, ओढकामाचा बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000. यासाठी पंचनामा लागतो. जनावर वाहून गेलं असेल तर दावणीचा, तुटलेल्या दाव्याचा फोटो आणि दूध सोसायटीच्या नोंदी कामाला येतात.

खड्डा

मोठ्या बैलाला किंवा म्हशीला आठ फूट लांब, पाच फूट रुंद, सात ते आठ फूट खोल खड्डा हवा. हिशेब सोपा आहे. पाय दुमडून कुशीवर ठेवलेलं अंग साधारण तीन फूट उंच भरतं, आणि त्याच्यावर निदान चार फूट माती पाहिजे. दोन-अडीच फुटांवर उरकलं तर तिसऱ्या रात्री कुत्री आणि कोल्ही उकरतात. सकाळी ते बघायला घरातलं पोरगंच आधी पोचतं.

जागा ओढ्यापासून निदान 100 फूट लांब धरा. पिण्याच्या विहिरी-बोअरपासून त्याच्या कितीतरी पट लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. खणताना पाणी लागलं तर ती जागा सोडा. खानापूरकडे जून ते सप्टेंबर खाचराच्या कडेला तीन फुटांवर पाणी लागतं, तिथं माळाची उंच जागाच बघावी. अथणीकडच्या काळ्या मातीत दुसरी अडचण येते: पावसाळ्यात भिंती आत कोसळतात आणि उन्हाळ्यात भेगा थेट खाली जातात. तिथं वरची माती पायानं नव्हे, बकेटनं दाबून घ्या. विजेच्या तारा, पाइपलाइन आणि वाटणीत भांडण असलेला बांध टाळा. बांधावर पुरलं आणि दोन वर्षांनी मोजणी झाली, तर त्या हाडांवरूनही वाद होतात.

चुन्याबद्दल गैरसमज बराच आहे. चुन्यानं अंग लवकर कुजत नाही, उलट जास्त टाकला तर वेळ लागतो. त्याचा उपयोग वास दाबायला आणि जनावरांनी उकरू नये म्हणून. तळाला एक घमेलं, अंगावर पातळ थर, मिळून दहा-पंधरा किलो पुरे. मिठाची पोती ओतायची चाल काही गावांत आहे. रीत म्हणून मूठभर टाका. पोतंभर मिठानं कुजणं थांबतं आणि ती जागा पुढं पिकत नाही. फाशीचा संशय असेल तर खड्डा, चुना, फवारणी सगळं डॉक्टर सांगतील तसंच, आणि जनावर शक्यतो पडलं तिथंच.

रोग नसेल आणि शवविच्छेदन झालेलं नसेल, तर पोटात साठणाऱ्या वायूनं दोन-तीन दिवसांत माती वर उचलते आणि भेग पडते. डॉक्टर डाव्या कुशीत छेद देतात तो त्यासाठी. घरच्या माणसाच्या हाताला ते काम लावू नका. माती भरल्यावर दोन फूट उंचवटा ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो. वर बोराटीच्या फांद्या आणि चार मोठे दगड. नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकचं पोतं, सलाईनची नळी आत टाकू नका, पाच वर्षांनी नांगराला तीच लागतात.

उचलताना

गळ्याला दोर लावून जेसीबीनं ओढणं ही गोष्ट लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहते. दुसरी सोय होते. जाड ताडपत्री किंवा दोन थरांचं जुनं तरट अंगाखाली सरकवा: एका कुशीवर कलतं करून निम्मी घडी पाठीशी सारायची, मग पलटी. पुढच्या दोन्ही पायांना मनगटाच्या वर आणि छातीमागून रुंद पट्टा घ्या. दहा माणसांत चारशे किलोचं अंग ताडपत्रीवरून पंधरा-वीस फूट सरकतं, तिथून ट्रॉलीला फळी लावा. जेसीबीनं उचलायचं तर बकेटमध्ये पिंजर टाकून, पट्ट्यानं, सावकाश. चालकाला आधी सांगा, 'पोरं बघतायत, हळू घ्या.' ऐकतात.

मेलेलं जनावर ओढायचं काम गावातल्या ठराविक वस्तीनंच करायचं, ही जुनी रीत कुठं उरली असेल तर ती सोडून द्या. ज्यानं आयुष्यभर आपलं औत ओढलं त्याला खांदा आपण द्यावा. मदतीला माणूस घेतला तर त्याची मजुरी ठरवून द्या, हातमोजे आणि साबण द्या.

निरोपाला फार काही लागत नाही. अंगावर बेंदराची, म्हणजे बैलांच्या सणाची झूल टाकतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, नारळ ठेवतात, घरातली सगळी एकेक मूठ माती टाकतात. ज्या बाईनं रोज धार काढली तिची मूठ आधी, असं काही घरांत करतात आणि ते बरोबर वाटतं. आजीला 'तू घरीच थांब, तुला सोसणार नाही' म्हणू नका. तिला काय सोसतं ते तिला विचारा.

मागे राहिलेलं जनावर

रोग नसेल तर जोडीच्या बैलाला अंगापाशी दहा-पंधरा मिनिटं उभं करा. हुंगेल, एकदा चाटेल, मागं सरेल. न दाखवता नेलं तर पुष्कळदा दोन-तीन दिवस दाराकडे तोंड करून हंबरत राहतो. बैलाला मरण कळतं की नाही यावर वाद घालत बसू नका. शेजारच्या खुंट्यावर कोणी नाही हे त्याला कळतं, आपल्या कामाला तेवढं पुरे.

दोन-तीन दिवस वैरण कमी खाणं समजण्यासारखं आहे. पण शोक समजून आजार अंगावर काढू नका, जनावरं अशी जोडीजोडीनं जातात. त्याच्या डाव्या कुशीच्या खळगीत मूठ दाबून घड्याळ बघा. मिनिटाला एक-दोन वेळा आतून मूठ उचलली जायला हवी. दिवसभरात रवंथ नाही, मूठ हलत नाही, किंवा ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेलाय, तर डॉक्टरांना पुन्हा बोलवा. पहिल्याच्या मरणाचं कारण विषबाधा किंवा संसर्ग असेल तर दुसऱ्यात ते याच दिवसांत दिसतं.

त्याची जागा दोन हात सरकवा म्हणजे रिकामा खुंटा थेट शेजारी येत नाही. एखादं वासरू किंवा शेळी जवळ बांधा. आठवडाभर औताला जुंपू नका, पण रोज त्याच वेळेला बाहेर काढून त्याच वाटेनं फिरवून आणा. वर्षानुवर्षं उजव्या अंगाला चाललेला बैल एकटा चालतानाही डावीकडे जागा सोडून चालतो. बघणाऱ्याला ते कठीण जातं, पण बैलाला चालण्यानंच बरं वाटतं. आणि पहिल्या पंधरा दिवसांत तो विकू नका. 'जोडी मोडली, आता हा कशाला' म्हणून व्यापारी तिसऱ्या दिवशी दारात येतो. त्या दिवशीचा भाव पडलेला असतो आणि नंतरची हळहळ दुप्पट.

आई गेली आणि वासरू उरलं तर शोकाला कामच लागतं. नुकतं जन्मलेलं असेल तर दोन तासांत चीक पोटात जायला हवा, शेजारच्या ताज्या व्यालेल्या गाईचा मागून आणा. पंचवीस-तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच ते तीन लिटर, तीन-चार वेळा मिळून. पुढं रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध, अंगाइतकं कोमट. भांड्यात बोट बुडवून बोटच चोखायला द्या आणि तोंड हळूहळू दुधात न्या. मान वर करून बाटलीनं ओतलं तर दूध फुप्फुसात जातं आणि तिसऱ्या दिवशी वासरू धापा टाकायला लागतं.

उलटं झालं, वासरू गेलं आणि म्हैस पान्हा सोडत नसेल, तर पान्ह्याचं इंजेक्शन आणू नका. तीच वेळ, तीच जागा, तोच हात. पुढ्यात आंबोण, कोमट पाण्यानं कास धुऊन तीन-चार मिनिटं चोळणं. चार-पाच दिवस दूध कमी येईल, ते गृहीत धरा. धार काढणाऱ्या बाईचं मन ठिकाणावर नसेल तर म्हैस ते ओळखते, तिला घाई करू नका.

बोल

'आदल्या रात्री बोलावलं असतं तर.' हे वाक्य प्रत्येक घरात निघतं. त्यावर उपाय समजूत नव्हे, माहिती. शवविच्छेदनाचा अहवाल हातात आला की डॉक्टरांना दहा मिनिटं मागून घ्या आणि साध्या शब्दांत विचारा: सुरुवात केव्हा झाली असेल, बाहेरून दिसलं असतं का, कळलं असतं तर वाचलं असतं का? पोटातल्या तारेनं हृदयाला इजा झालेली असेल तर ती तार महिन्यांपूर्वी गिळलेली असू शकते, आदल्या रात्रीचा तिथं काही संबंध नसतो. सर्पदंशात कधी जागाही सापडत नाही.

काही वेळा चूक खरंच असते. पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी खाल्ली आणि अर्ध्या तासात जनावर कोसळलं. लग्नातला उरलेला भात-बुंदी टोपलीभर घातली आणि पोटात आम्ल होऊन दोन दिवसांत गेलं. युरियाचं पोतं गोठ्यात उघडं होतं. अशा वेळी 'तुझी काही चूक नाही' म्हणणं खोटं पडतं आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. चूक एकदा सगळ्यांसमोर बोलून टाका, दुरुस्ती करा, आणि पुन्हा काढू नका. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत तिकडं सोडायचं नाही, पोतं वेगळ्या खोलीत, खिळे-तारा उचलायला वैरणीच्या यंत्रापाशी लोहचुंबक. घरातल्या गड्याच्या किंवा सुनेच्या माथी चूक मारणं मात्र बघता बघता होतं, तिथं वडीलधाऱ्यांनी बोलणं लगेच तोडावं.

घरातली माणसं

पोरांना 'डॉक्टरांकडे नेलाय', 'मामाच्या गावाला पाठवला' असं सांगू नका. शाळेत त्यांना खरं कळतंच. 'सर्ज्या मेला. आता त्याला दुखत नाही. खालच्या माळावर पुरलाय.' एवढं पुरे. लहान पोर अर्धा तास रडून खेळायला जातं आणि आठ दिवसांनी जेवताना मध्येच विचारतं, 'त्याला पाऊस लागत असेल का?' उत्तर द्या, हसू नका.

सगळ्यात गप्प कोण आहे तिकडे लक्ष द्या. बहुधा ते सत्तरीचे आजोबा असतात. त्यांचा दिवस त्या बैलावर बेतलेला असतो: पाचला उठायचं ते वैरणीसाठी, चारला निघायचं ते पाण्यासाठी. बैल गेला की उठायचं कारणच जातं. त्यांना विश्रांती सुचवू नका, काम द्या. उरलेल्या बैलाचं पाणी, वासराचं दूध, शेजाऱ्याच्या जोडीकडे बघणं. शेजाऱ्यांनी 'जनावरच होतं, दुसरं घेऊ की' म्हणू नये. त्यापेक्षा 'चिंचलीला जाताना हाच जू ओढत होता ना?' असं काही विचारावं. मायाक्काच्या जत्रेला गाडीनं गेलेल्या घरात त्या बैलाची एकतरी गोष्ट असते, आणि ती सांगता सांगता माणूस मोकळं होतं. एक वेळची भाकरी-आमटी पाठवली तर फारच चांगलं, त्या संध्याकाळी पुष्कळ घरांत चूल पेटवायचं कोणाला सुचत नाही.

दोन आठवडे उलटून झोप नाही, अन्न जात नाही, दारू वाढलीय, बोलण्यात सारखं कर्ज आणि 'आता काय उरलंय' येतंय, तर हा नुसता जनावराचा शोक राहिलेला नाही. घरातलं तणनाशक आणि कीटकनाशक त्याच दिवशी कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे. माणसाला सरळ विचारा, 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, आधीच असेल तर बाहेर येतो. 'होय' म्हणाला तर एकटं सोडू नका. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

विकून गेलेलं

म्हातारा बैल विकला तरी तो गेलेलाच असतो, आणि त्याला रडायची मुभा तर अजिबात नसते. दावं स्वतःच्या हातानं दिलेलं असतं. शक्य असेल तर ओळखीच्या हलक्या कामाच्या घरी द्या आणि महिन्याभरानं एकदा बघून या.

गोठा आणि नवं जनावर

संसर्गानं गेलं असेल तर उरलेली वैरण जाळा, शेण-मातीचा वरचा थर खरवडून पुरा, आणि जमीन-गव्हाण धुण्याच्या सोड्यानं धुवा. 25 लिटर पाण्याला एक किलो सोडा लाळ्या-खुरकुतीला चालतो. मग भिंतींना चुना. नवं जनावर आणल्यावर 21 दिवस वेगळं बांधा.

रोग नसेल तर घाई कशाची, हे स्वतःला विचारा. पेरणी तोंडावर असेल तर त्या हंगामापुरता ट्रॅक्टर लावा किंवा पैऱ्यानं, म्हणजे कामाच्या अदलाबदलीनं, शेजाऱ्याची जोडी घ्या. पहिल्या महिन्यात बाजारात गेलेला माणूस बैल बघत नाही, गेलेल्याचं तोंड शोधतो. तसलंच वशिंड, तसलीच शिंगं दिसली की दात न बघता पैसे मोजतो. दीड-दोन महिने जाऊ द्यात. जाताना उरलेल्या बैलाची उंची दोरीनं मोजून न्या आणि तो कुठल्या अंगाला चालतो ते लक्षात ठेवा. जोडी त्याच्याशी जुळायची आहे, आठवणीशी नव्हे.

नव्याला जुन्याचं नाव देऊ नका. पोरं आग्रह धरतात, पण मग रोज हाक मारताना तुलना होते आणि बिचाऱ्या नव्याला उगाच शिव्या बसतात. जुनी घुंगुरमाळ आणि शेंब्या धुऊन, तेल लावून वर खुंटीला ठेवा.

आपल्याकडे वर्षातून दोनदा ती खुंटी दिसते: ज्येष्ठी पुनवेला कर्नाटकी बेंदूर, आणि पुढं आषाढात दुसरा. पहिल्या बेंदराला घर सुनं वाटणार, हे आधीच बोलून ठेवा. उरलेल्याला नेहमीसारखंच धुवा, रंगवा, पोळी चारा. ज्येष्ठातल्या अमावस्येला मातीचे बैल करतात तेव्हा पोरांना माळावरच्या त्या जागेजवळची मूठभर माती आणायला सांगा, मात्र संसर्गानं गेलेल्याच्या जागेची नको. एक बैल त्या मातीचा करा, शिंगं त्याच्यासारखी, एक जराशी वाकडी असेल तर वाकडी. पूजा झाली की दोन्ही बैल गव्हाणीवरच्या कोनाड्यात ठेवा. नव्या बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ कधी घालायची ते त्या पोरांनाच ठरवू द्या.